बदलापुरातील शांत घर : सदनिकेआधी जमीन वाचा

बदलापूर : रविवारी सकाळी दहाच्या सुमारास बदलापूर स्थानकातून बाहेर पडणाऱ्या गर्दीत काही कुटुंबे चटकन ओळखू येतात. हातात गृहप्रकल्पाची रंगीत पुस्तिका, सोबत शाळकरी मुले, एखाद्या घरचे आजी-आजोबा आणि चेहऱ्यावर थोडी उत्सुकता, थोडी धाकधूक. लालबाग-परळची चाळ, भांडुपची भाड्याची खोली किंवा डोंबिवलीचे अपुरे पडू लागलेले घर सोडून ही मंडळी स्वतःचे घर शोधायला आलेली असतात. विकासकाची गाडी त्यांना घेऊन जाते. दूरवर माथेरानचा डोंगर दिसतो, खिडकीतून वारा येतो आणि नमुना सदनिकेत उभे राहिल्यावर खरोखरच काही ऐकू येत नाही. मुंबईच्या माणसाला ही शांतता भुरळ घालते, यात नवल नाही. मात्र त्या शांततेची किंमत मोजण्यापूर्वी ती नेमकी कोणत्या जमिनीवर उभी आहे, हे विचारणारे थोडे असतात.

बदलापूर हे मुळात गावच. सुरतेच्या वाटेवर येथे घोडे बदलले जात, म्हणून बदलापूर, अशी नावाची आख्यायिका जुनी मंडळी सांगतात. कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला. तरीही पुढची शंभर-सव्वाशे वर्षे उल्हास नदीच्या काठचे बदलापूर आणि रुळांच्या पूर्वेचे कुळगाव यांचा तोंडवळा भातशेतीचा, वाड्यांचा आणि जांभळाच्या झाडांचाच राहिला. १९८३ मध्ये कल्याण महापालिका स्थापन झाली तेव्हा हा परिसर तिच्यात गेला आणि १९९२ मध्ये कुळगाव-बदलापूर नगर परिषद वेगळी झाली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती एक लाख ७४ हजारांवर गेली. जुन्या गावांची नावे आता वसाहतींच्या पत्त्यांत उरली आहेत : कात्रप, शिरगाव, खरवई, बेलवली, मांजर्ली, वालिवली. शहर भरत गेले तशी शांततेची हद्दही पुढे सरकली. आज ती वांगणी, शेलू, नेरळच्या दिशेने आणि बारवी धरणाच्या रस्त्यावरील गावांत शोधली जाते.

साहजिकच येथे घर घेणाऱ्यांचे दोन वर्ग पडले आहेत. पहिला वर्ग नगर परिषदेच्या हद्दीत सदनिका घेणाऱ्यांचा. दुसरा, संख्येने लहान पण वाढता वर्ग आसपासच्या खेड्यांत भूखंड घेऊन बंगली बांधू पाहणाऱ्यांचा. निवृत्तीनंतर गावात राहावे, अंगणात दोन आंब्याची झाडे लावावीत, हे त्यांचे स्वप्न. दोघांच्या अडचणी वेगळ्या असल्या तरी फसगतीचे मूळ बहुधा एकच असते. ‘नोंदणी झाली म्हणजे सर्व काही कायदेशीर झाले’ हा तो समज.

नोंदणी म्हणजे मालकीची हमी नव्हे

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जे होते ती दस्ताची नोंदणी. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार दस्त करणाऱ्यांची ओळख, त्यांचा कबुलीजबाब, मुद्रांक शुल्क आणि आवश्यक कागद पाहून दस्त नोंदवला जातो. विकणारा हा जमिनीचा खरा मालक आहे किंवा इमारत मंजूर नकाशाप्रमाणे उभी आहे, असा दाखला ही नोंदणी देत नाही. ती जबाबदारी कायद्याने खरेदीदारावरच टाकलेली आहे.

सर्वत्र असे असते असे नाही. नेदरलँड्समधील एखाद्या निवांत खेड्यात घर घेणाऱ्या माणसाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथे घराचा लेखी करार हाती पडल्यानंतर ग्राहकाला तीन दिवसांची मुदत कायद्यानेच मिळते. त्या मुदतीत कोणतेही कारण न देता तो करारातून माघार घेऊ शकतो. पुढचा व्यवहार नोटरीमार्फतच होतो. हा नोटरी म्हणजे आपल्याकडे न्यायालयाच्या आवारात शिक्का मारून देणारा नव्हे. तो दोन्ही पक्षांशी निःपक्षपाती असलेला कायदेतज्ज्ञ असतो. जमिनीच्या राष्ट्रीय नोंदवहीत घरावर गहाण, जप्ती वा अन्य कोणाचा हक्क आहे का, हे तो तपासतो. खरेदीची रक्कम त्याच्या स्वतंत्र खात्यात जमा होते आणि हस्तांतर निर्वेध झाल्यावरच विक्रेत्याला मिळते. बदलापुरात ही तीनही कामे, म्हणजे विचार करण्यासाठी थांबणे, जमिनीची तपासणी आणि पैसे रोखून धरणे, ग्राहकाने स्वतः करायची असतात. बयाणा मात्र पहिल्या भेटीतच, ‘आजच्या दिवसापुरत्या’ सवलतीच्या मोहात दिला जातो.

सातबारा कसा वाचावा

तपासणीचा प्रारंभ सातबाऱ्यापासून. गाव नमुना सात आणि बारा यांचा हा एकत्र उतारा. आता तो डिजिटल स्वाक्षरीसह घरबसल्या मिळतो, त्यामुळे विक्रेत्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबण्याचे कारण उरलेले नाही. सातबारा हा मुळात महसुली अभिलेख आहे. त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच त्याचे बळ. म्हणूनच तो एकटा पुरत नाही. त्यामागचे फेरफार वाचावे लागतात. आजोबांच्या नावावरून नातवाच्या नावावर जमीन कशी आली, मधल्या पिढीतील आत्या-बहिणींची नावे वारस म्हणून लागली की गळली, हे फेरफारात दिसते. गळलेले नाव वीस वर्षांनी दाव्याच्या रूपाने परत येते आणि तोवर त्या जमिनीवर चार मजले उभे राहिलेले असतात. वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा असे सांगितले जाते ते यासाठीच.

उताऱ्यावर भोगवटादार वर्ग एक की वर्ग दोन, हे दुसरे पाहावे. वर्ग एक म्हणजे धारकाला सर्वसाधारणपणे विक्रीचा मुक्त अधिकार. वर्ग दोनच्या जमिनीवर शासनाचे निर्बंध असतात आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तिची विक्री करता येत नाही. त्यानंतर नजर न्यावी ती ‘इतर हक्क’ या रकान्याकडे. अनेक खरेदीदार हा रकाना वाचतच नाहीत. वास्तविक बोजा, कुळाचा हक्क, विहिरीतील वाटा, भूसंपादनाचा शेरा, न्यायालयीन दाव्याची नोंद हे सारे तेथेच दडलेले असते. ठाणे जिल्ह्यात कुळकायद्याने कसणाऱ्याच्या मालकीच्या झालेल्या जमिनी पुष्कळ. त्यांच्या हस्तांतरावर कुळकायद्याच्या कलम ४३ च्या अटी असत. २०१४ च्या दुरुस्तीने त्या सैल झाल्या. तरी आपल्या गटाला ती सवलत लागू होते का, हे कागदावर पाहिलेच पाहिजे. बदलापूरच्या डोंगरपायथ्याला ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीच्या नावे करण्यास महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ नुसार शासकीय मंजुरीची कडक अट आहे. ती डावलून केलेला व्यवहार टिकत नाही आणि जमीन मूळ आदिवासी कुटुंबाला परत मिळू शकते.

शेतजमीन बिगरशेतकऱ्याला घेता येत नाही, हा नियम बहुतेकांना ऐकून ठाऊक असतो. १९४८ च्या कुळकायद्याचे कलम ६३ ते सांगते. यावर तोडगा म्हणून कधी कुलमुखत्यारपत्रावर, कधी पाचशे रुपयांच्या मुद्रांकावरील नोटरी केलेल्या साठेकरारावर ‘व्यवहार’ केला जातो. अशा कागदाने मालकी मिळत नाही. विक्रेत्याने तीच जमीन दुसऱ्याला नोंदणीकृत खरेदीखताने विकली तर पहिल्या खरेदीदाराच्या हाती वर्षानुवर्षांची कज्जेदलाली उरते.

गुंठ्यांचा व्यवहार हे त्याचेच एक रूप. एक शेत घ्यावे, चुन्याच्या रेघा ओढून एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडावेत, कमान उभारावी, वसाहतीला एखादे निसर्गरम्य नाव द्यावे आणि हप्त्यांवर विकावे, असा हा धंदा. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे करण्यास मनाई करतो. ऑगस्ट २०२३ मध्ये हे प्रमाणभूत क्षेत्र कमी करून जिरायतीसाठी २० गुंठे, तर बागायतीसाठी १० गुंठे करण्यात आले. २०२५ मध्ये शासनाने जुने तुकडे नियमित करण्याच्या दृष्टीने कायद्यात आणखी सवलती दिल्या. पण त्यांचा रोख विकास आराखड्यांतील रहिवासासारख्या बिगरशेती क्षेत्रांकडे आहे. हरित पट्ट्यातील शेताला या बातमीचे कात्रण दाखवून ‘आता सगळे कायदेशीर झाले’ असे सांगणाऱ्या मध्यस्थाकडे तो गट आराखड्यात कोणत्या विभागात येतो याचा दाखला मागावा. हा झोन दाखला नियोजन प्राधिकरणाकडून मिळतो. त्यासोबत भूमि अभिलेख खात्याची मोजणी आणि रस्त्याचा कागद हवा. कच्चा रस्ता जागेवर दिसतो म्हणून तो कायद्यानेही आहे, असे नसते. शेजारच्या शेतकऱ्याने बांधावर काटेरी कुंपण घातले की बंगलीपर्यंत चालत जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्याविषयीही असाच गैरसमज आहे. नमुना आठचा हा उतारा कर आकारणीपुरता असतो. त्याने बांधकामाला मंजुरी मिळत नाही आणि मालकीही सिद्ध होत नाही. गावठाणाबाहेर तर बांधकाम परवानगी देणे ग्रामपंचायतीच्या हातात नसतेच. सरपंचाच्या सहीचा ‘ना हरकत’ कागद कितीही सुबक टंकलिखित असला तरी तो परवानगीची जागा घेऊ शकत नाही.

पासष्ट इमारतींचा धडा

सदनिका घेणाऱ्याला या जमिनीच्या भानगडींशी काय देणेघेणे, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर बदलापूरहून लोकलने अर्ध्या तासावर आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करून, त्यांच्या आधारे ‘महारेरा’चे नोंदणी क्रमांक मिळवून उभारलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण राज्यभर गाजले. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचे आदेश दिले, तेव्हा त्यांत हजारो कुटुंबे राहत होती. त्यांतील अनेकांचे करारनामे नोंदणीकृत होते, अनेकांना बँकांनी गृहकर्ज दिले होते. नोंदणी, कर्ज आणि महारेरा क्रमांक या तिन्ही गोष्टी असूनही इमारत मात्र बेकायदा. रहिवाशांना न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागले आणि हप्ते चालूच राहिले.

१ मे २०१७ पासून लागू झालेल्या रेरा कायद्याने ग्राहकाला बळ दिले, हे निर्विवाद. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ताबा लांबल्यास व्याजासह परताव्याचा हक्क मिळतो. डोंबिवलीच्या प्रकरणानंतर महारेराने प्रारंभ प्रमाणपत्राची खातरजमा स्थानिक प्राधिकरणाकडून करण्यास सुरुवात केली. तरीही महारेराच्या संकेतस्थळावर दिसणारे प्रारंभ प्रमाणपत्र घेऊन स्वतः नगर परिषदेच्या नगररचना विभागात जाणे आणि त्यावरील क्रमांक तेथील दप्तराशी जुळवून पाहणे, याला पर्याय नाही. अर्ध्या दिवसाची रजा पडते, इतकेच. शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या इमारतींना महारेराच्या नोंदणीतून सूट आहे. जुन्या गावठाणालगतच्या लहान इमारती अनेकदा याच सवलतीत बसतात आणि तेथे ग्राहकाचा पहारेकरी ग्राहकच.

तयार घर घेताना भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. ते नसेल तर पाण्याची जोडणी, कर्ज, पुढची विक्री, सर्वत्र अडचण. जुन्या सोसायटीत जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, हेही विचारावे. ते झाले नसेल तर सदनिका सदस्याची, पण जमीन अद्याप विकासकाच्या वा मूळ मालकाच्या नावावर, अशी त्रिशंकू अवस्था राहते. मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग २००८ पासून उपलब्ध आहे, मात्र तो चालावा लागतो.

नदीची रेषा

बदलापूरच्या जाहिरातींत उल्हास नदी हमखास असते. ‘नदीकिनारी’, ‘नदीचे दर्शन देणारी’ या विशेषणांनी भाव चढतो. राजमाचीच्या परिसरातील डोंगरांत उगम पावणारी ही नदी कर्जत, नेरळवरून बदलापुरात येते. भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रातून सोडलेले पाणी तिच्यात येत असल्याने ती उन्हाळ्यातही वाहती दिसते. एप्रिल-मेमध्ये घर पाहायला आलेल्याला ती अत्यंत सौम्य भासते.

जुलैत तीच नदी निराळी असते. २६ जुलै २००५ च्या पुराच्या आठवणी पश्चिमेकडील जुन्या रहिवाशांच्या मनात अजून ताज्या आहेत. २७ जुलै २०१९ रोजी कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली आणि एक हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. त्या गाडीभोवती पसरलेल्या पाण्याची छायाचित्रे देशभर पोहोचली. तो सारा परिसर एरवी हिरवागार, निवांत आणि गुंतवणुकीसाठी आकर्षक म्हणून दाखवला जातो. २०२१ च्या जुलैतही हेंद्रेपाडा, रमेशवाडी भागांत पाणी शिरले. बदलापुरात उल्हासची धोक्याची पातळी १७.५० मीटर मानली जाते. दर पावसाळ्यात हा आकडा शहरातील भ्रमणध्वनींवर फिरतो. सदनिकेच्या माहितीपुस्तिकेत तो नसतो.

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा नव्या बांधकामास निषिद्ध. निळ्या आणि लाल रेषांमधल्या पट्ट्यात अटींवर बांधकाम होऊ शकते आणि त्यातली मुख्य अट जोत्याची उंची पूरपातळीच्या वर ठेवण्याची. येथे एक गोष्ट सहज निसटते. जोते उंच असले म्हणून रस्ता उंच होत नाही. इमारत कोरडी आणि तिच्याकडे येणारा रस्ता कमरेएवढ्या पाण्यात, वाहनतळातील दुचाक्या बुडालेल्या, उद्वाहन व पाण्याचा पंप बंद, ही स्थिती नियमात बसणाऱ्या इमारतीतही ओढवू शकते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांचा अर्थही शंभर वर्षे निश्चिंती असा नाही. दरवर्षी शंभरात एक इतकी ती शक्यता असते आणि वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती जवळपास पाचात एक इतकी होते.

पाण्याशी शतकानुशतके झुंजलेल्या डचांनीही या बाबतीत आपला हट्ट सोडला, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. नद्यांचे बांध उंच करत राहण्याऐवजी नदीला तिची जागा परत द्यावी, असे धोरण त्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीकारले. नाइमेखन शहराजवळ बांध मागे घेण्यासाठी घरे हलवण्यात आली, तर दुसऱ्या एका खोलगट प्रदेशात शेतकऱ्यांची घरे उंच टेकाडांवर नेण्यात आली. आपल्याकडे नदीची जागा नकाशावर निळ्या रेषेने दाखवली जाते आणि मग तीत किती भराव घालता येईल, याची चर्चा सुरू होते.

पूररेषेचा नकाशा नगर परिषदेत पाहता येतो. त्याहून सोपी तपासणी म्हणजे इमारतीसमोरच्या किराणा दुकानदाराला २००५ व २०१९ मध्ये पाणी कुठवर आले होते, एवढे विचारणे. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

पाणी, गाडी आणि खर्च

बारवी धरण बदलापूरच्या उशाला असले तरी त्याचे पाणी प्रामुख्याने औद्योगिक वसाहती आणि ठाणे जिल्ह्यातील मोठ्या शहरांकडे जाते. बदलापूरकर पितात ते उल्हासवरील बॅरेजमधून महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने उचललेले पाणी. नव्या संकुलात प्राधिकरणाची जोडणी मिळाली आहे की टँकरवर भागवले जाते, हे विकासकाच्या प्रतिनिधीपेक्षा तेथे आधीपासून राहणाऱ्या गृहिणी अधिक अचूक सांगतात. शहराबाहेरच्या बंगल्यांची भिस्त कूपनलिकेवर. जांभ्याचा कोकण येथून दूर. इथला कातळ काळा आणि मार्चनंतर फारसा उदार नाही.

प्रवासाचा हिशेब तितकाच रोखठोक. मुंबईच्या मुख्य स्थानकापासून बदलापूर ६८ किलोमीटर. जलद गाडीनेही दीड तासाच्या आसपास लागतो आणि त्या गाडीत शिरता आले तर. कल्याणपुढे लोकल आणि पुण्याकडे जाणाऱ्या मेल-एक्स्प्रेस यांना त्याच दोन मार्गिका वापराव्या लागत आल्या आहेत. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचा प्रकल्प २०१९ मध्ये मंजूर झाला, अंबरनाथ-बदलापूर दरम्यान चिखलोली स्थानक नियोजित आहे, कांजूरमार्गहून मेट्रोचा प्रस्ताव आहे. प्रत्येक प्रस्तावामागे जमिनीचा भाव मात्र लगेच वाढतो. ‘स्थानकापासून पाच मिनिटे’ या जाहिरातीतील पाच मिनिटे कोणत्या वाहनाने आणि कोणत्या वेळी, हे सकाळी साडेसातला शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहिल्यावर कळते.

खर्चाच्या बाजूला किमतीखेरीज मुद्रांक शुल्क धरावे. जागा नगर परिषदेच्या हद्दीत की ग्रामपंचायतीच्या, यावर त्याचा दर ठरतो. निवासी घर स्त्रीच्या नावे घेतल्यास २०२१ पासून त्यात एक टक्का सवलत आहे. नोंदणी शुल्क एक टक्का, कमाल ३० हजार रुपये. बांधकाम चालू असलेल्या घरावर वस्तू व सेवा कर लागतो. ४५ लाख रुपयांपर्यंतचे आणि ६० चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्राचे घर असेल तर एक टक्का, अन्यथा पाच. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर हा कर नाही. स्वस्त घराचा दर सांगताना विक्री प्रतिनिधी बहुधा हे सारे ‘इतर खर्च’ या दोन शब्दांत उरकतात. ते कागदावर लिहून घ्यावेत.

बदलापूर पश्चिमेतील जुने रहिवासी नव्या ग्राहकाला एक साधा सल्ला देतात. घर दिवाळीत पसंत करा, पण बयाणा देण्यापूर्वी पावसाळ्यातील एका सोमवारी पुन्हा या. सकाळी त्या इमारतीच्या फाटकापासून स्थानकापर्यंत चाला, गाडी पकडा, संध्याकाळी त्याच वाटेने परत या. तोवर फेरफार काढून ठेवलेले असतील, तर ते वाचायला गाडीत दीड तास मिळतोच.